म्हातारी सुरात होती

१

"मामा, ताईचा आवाज गेला," धाकटा फोनवर म्हणाला.

"माहीत आहे मला. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात मीच बसलो होतो. तू कुठेतरी कार्यक्रम करत होतास."

"तो नाही हो. रेकॉर्ड केलेला. कोणीतरी पुसून टाकलाय."

मी चहा अर्धा टाकून निघालो. या भाच्यावर माझा फारसा जीव नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या थोरल्या बहिणीवर आहे.

यांचा बँड म्हणजे तीन माणसं आणि वायरींचं जंगल. बटणं, दांड्या आणि लुकलुकणारे दिवे, बस्स. थोरली गायची, धाकटा चाली बांधतो आणि सिंथ, म्हणजे विजेवरची पेटी, वाजवतो, आणि तिसरा, ठोक्या, ताल देणारी यंत्रं चालवतो. कुठल्या कंपनीच्या दारात हे कधी उभे राहिले नाहीत. पहिला अल्बम माझ्या बहिणीच्या कपड्यांच्या कपाटात झाला. थोरली रजयांत तोंड खुपसून गायली. पुढे छोटी सभागृहं, मग मोठी, मग परदेशातून पत्रं. पोस्टर यांनीच चिकटवली, गाडी यांनीच हाकली आणि भांडणंही यांनीच केली. त्यालासुद्धा बाहेरचा माणूस लागला नाही.

मग थोरलीच्या घशात गाठ निघाली. गाठ गेली, पण सोबत गळाही गेला. आता ती बोलते तेव्हा जुनं कापड फाटल्यासारखं वाटतं. पुन्हा गाता येणार नाही, असं डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात स्वच्छ सांगितलं. ऑपरेशनच्या आधी तिने नऊ गाणी गाऊन ठेवली होती. तो तिचा शेवटचा आवाज. येत्या महिन्यात तो लोकांपुढे यायचा होता.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे टायरवाला आणि लाँड्री यांच्यामधला एक बंद गाळा. शटर वर केलं की आत भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मी पोचलो तेव्हा चौघं नुकतेच आत येऊन चार कोपऱ्यांत उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. चौथी म्हणजे धाकट्याची बायको. बँडचा कारभार ती बघते.

धाकट्याने एक गाणं लावलं. ताल आला, सूर आले, मग जिथे थोरलीने गायचं तिथे काहीच नाही. सूर वाट बघत पुढे सरकत राहिले.

"नऊच्या नऊ अशीच," तो म्हणाला. "परवा संध्याकाळी आम्ही चौघांनी बसून ऐकली, तेव्हा आवाज होता. काल संध्याकाळी मी ताईला घेऊन आलो तर हे असं. कपाटात दुसरी हार्ड डिस्क होती, तिच्यातूनही फक्त आवाज काढलाय."

"किती वाजता काढला, ते कॉम्प्युटर सांगतो ना?"

"त्याचं घड्याळ कित्येक वर्षं चुकीचं आहे. गाण्यांच्या कॉम्प्युटरला इंटरनेट लावत नाही आम्ही."

थोरली माझ्याजवळ आली. "मामा," ती म्हणाली, आणि एवढ्यानेच तिला धाप लागली. "माझा आवाज मला शोधून द्या. बाकी कुणाला फासावर द्यायचं ते तुम्ही बघा."

मी शटर तपासलं. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चार, आणि चारही जण माझ्यासमोर उभे होते.

२

मी आयुष्यभर विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले. स्वतःच्या दुकानाला आग लावून रडणारे लोक मी शेकड्यांनी पाहिलेत. चोराच्या उलट्या बोंबा मला लांबून ऐकू येतात. पण संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि म्हणूनच धाकट्याने मला बोलावलं असावं. पोलीस नकोत, घरातली गोष्ट आहे, असं तो दोनदा म्हणाला.

खोलीच्या मधोमध लाकडी चौकटीचा एक जुना सिंथ होता. मी सहज एक पट्टी दाबली. आधी घरघर, मग एक सूर आला, तो हळूहळू वर चढला, पुन्हा घसरला. कुणी झोपेत कण्हावं तसा.

"हात लावू नका!" भाऊ-बहीण दोघंही एकदम ओरडली. त्या दिवसात त्यांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

"ही म्हातारी," धाकटा मला लहान मुलासारखं समजावू लागला. "आतले पार्ट जुने आहेत. अर्धा तास तापल्याशिवाय सूर धरत नाही. थंड असताना ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून आमचा नियम आहे. जो पहिला आत येईल त्याने दिव्याच्या आधी, पंख्याच्या आधी म्हातारीचं बटण दाबायचं. मग बाकीचं जग."

"आणि जाताना बंद करायची मी," सूनबाई म्हणाली. "रोज. परवाही मीच केली. यांना चालू करता येतं, बंद करता येत नाही."

"तू कधी चालू केलीस का तिला?"

"मी कशाला करू? माझी सासू एक होती, ती पुरे झाली."

हे ऐकून थोरलीने असं बघितलं की मी विषय बदलला.

ठोक्याला मी बाहेर टायरांच्या ढिगावर बसवलं. हा थोरलीचा पूर्वीचा नवरा. घटस्फोट झाला, पण बँड सुटला नाही. मला तो अजून मामाच म्हणतो, आणि मीही त्याला अडवत नाही.

"शेवटच्या कार्यक्रमात तू स्टेजवर तिला काय म्हणालास?"

त्याने मान फिरवली. "सगळ्यांनी ऐकलंय ते."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"म्हणालो, एक दिवस तुझा आवाजच बंद करतो. अहो, माईक चालू आहे हे माहीत नव्हतं! ती माझ्या तालाच्या पुढे धावत होती. नंतर गाठ निघाली, तेव्हापासून तिने माझ्याशी शब्द बोललेला नाही. मलाच वाटतं की माझी जीभ काळी आहे."

"काल इथे आला होतास?"

"आलो होतो ना." त्याने खिशातून फोन काढला. "दुपारी. एकटाच. पुरावाही आहे माझ्याकडे."

कुणीही न मागता पुरावा काढणाऱ्या माणसाकडे मी नेहमीच जरा जास्त लक्षपूर्वक बघतो.

३

पुरावा म्हणजे फोनवर केलेलं एक छोटं रेकॉर्डिंग होतं. वाटेत त्याला एक चाल सुचली, ती विसरेल म्हणून त्याने शटर उघडायच्या आधीच फोन चालू केला, वाजवली, बँडच्या ग्रुपवर पाठवली आणि जेवायला गेला. त्यात सगळं ऐकू येत होतं. शटरचा खडखडाट, एक शिवी, खटकन बटण, आणि लगेच सिंथवर दोन-चार ओळी.

"कॉम्प्युटरला हात लावलास?"

"मला तो लावता येतो, पण कापाकापी जमत नाही. ते धाकटा करतो."

"आणि चाल कशी झाली?"

"कुणी ऐकलीच नाही," तो कडवटपणे म्हणाला. "मी ठोकणारा माणूस. मला सुराचा कान नाही, हे धाकट्याने मला इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही ते पटलंय."

ते रेकॉर्डिंग मी माझ्या फोनवर घेतलं.

सूनबाईने माझ्यासमोर बसण्याआधीच हल्ला केला. "मीच केलं असं म्हणा आणि मोकळे व्हा. नवी मुलगी बघा, असं मीच म्हणाले होते. म्हणणारच! वन्संचा गळा गेला म्हणून काय सगळ्यांनी गळ्यात दगड बांधून घ्यायचा?"

"नवी मुलगी मिळाली?"

"मिळाली. हीच गाणी तिच्याकडून गाऊन घेऊ, म्हटलं. वन्सं दाराआडून ऐकत होत्या. त्यानंतर या घरात मी कैकेयी."

"मग जुना आवाज गेला, ते तुझ्या पथ्यावरच पडलं."

"पथ्यावर पडलं म्हणून मी पाडलं होत नाही, मामा." ती उठली. "काल दिवसभर मी ऑफिसात होते. पण जेवणाच्या सुट्टीत कोण कुठे गेलं हे तिथे कुणी बघत नाही, तेही लिहून घ्या."

बाई कडक, पण खोटं बोलणारी माणसं स्वतःच्या विरुद्धचा मुद्दा असा फुकट देत नाहीत.

धाकटा मात्र लोण्यासारखा मऊ होता. मी विचारायच्या आधी पाणी दिलं, खुर्ची पुसली. भिंतीवरची पोस्टर दाखवली. पहिल्या पोस्टरवर तिघांचे चेहरे सारखे होते. पुढच्यात थोरली जरा मोठी. अगदी अलीकडच्या पोस्टरवर तिचाच चेहरा कागदभर होता आणि धाकटा एका कोपऱ्यात, तोही वायरीमागे. शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा: 'ती आणि तिची यंत्रं'.

"छान लिहिलंय," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "फार छान."

काल तो पहाटेच घरातून निघाला होता. शेजारच्या शहरात त्यांचा मास्टरिंगवाला राहतो, म्हणजे तयार गाण्यांवर शेवटचा हात फिरवणारा माणूस. त्याच्याशी बोलायला गेला, संध्याकाळी परतला, ताईला घेऊन इथे आला.

"ठोक्यावर संशय घ्यायला मला लाज वाटते," तो हळूच म्हणाला. बोलताना किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत होता. किल्लीला अंगठ्याएवढी काळी डबी लटकत होती. "पण स्टेजवर तो काय म्हणाला, ते तुम्हाला कळलंच असेल."

लाज वाटते म्हणणारा माणूस ते वाक्य पूर्ण करत नाही. यानं केलं.

४

दुसऱ्या दिवशी मी दोन कामं केली.

ठोक्या सकाळी एका शाळेत पोरांना ताल शिकवतो. मुख्याध्यापिका मला बघताच उखडल्या. "त्यांना घेऊन चालला असाल तर आनंदाने न्या! त्या दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत चाळीस पोरं डबे बडवत होती. मी स्वतः दोनदा जाऊन ओरडले. तो माणूस क्षणभर हलला नाही तिथून."

मास्टरिंगवाल्याला फोन केला. "आला होता ना. दुपारच्या चहाला."

"सकाळी नाही?"

"छे. बस बंद पडली म्हणाला."

बस बंद पडू शकते. मी स्वतः बंद पडलेल्या बसमध्ये बसलोय. एवढ्यावर भाच्याची मान पकडली तर थोरली सोडून सगळं जग मला हसेल.

थोरलीचं सांगायला हवं. कारण अशा भानगडीत रडणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा, ही माझी जुनी खोड. पण त्या दिवशी सकाळपासून ती माझ्या शेजारी डॉक्टरांच्या बाकावर बसली होती. आम्ही बाहेर पडलो ते जेवायच्या वेळेला, आणि मग तिला मी माझ्या घरी नेलं. साक्षीदार मीच.

घरी येऊन मी ठोक्याचं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. शटर, शिवी, खट, सूर. शटर, शिवी, खट, सूर. माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "तेच तेच काय लावलंय? पण वाजवतो गोड हं."

मी कप खाली ठेवला.

तिलाही संगीतातलं काही कळत नाही. पण गोड कळतं. काल मी पट्टी दाबली होती तेव्हा जे कण्हणं ऐकलं, त्याला जगातली कुठलीही बाई गोड म्हणाली नसती.

मी चौघांना निरोप धाडला: उद्या दुपारी स्टुडिओत या, आणि मी येईपर्यंत कुणी म्हातारीला हात लावायचा नाही.

५

पुन्हा चार कोपरे, पुन्हा चार पाठी. मी मधोमध स्टूल घेऊन बसलो.

"एक चाल ऐकायची आहे," मी म्हणालो. "धाकट्या, तुझा कान चांगला. मला फक्त एवढंच सांग, हे सुरात आहे का?"

शटरचा भाग गाळून मी नुसती चाल लावली. ठोक्याने तोंड उघडलं, मी डोळ्यांनी गप्प केलं.

धाकट्याने डोळे मिटले. इतक्या वर्षांत त्याला आदराने कुणी काही विचारलं नसावं. मान किंचित कलती करून त्याने शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकलं.

"चाल सामान्य आहे," तो म्हणाला. "पण सूर चोख. केसाइतकाही ढळलेला नाही."

"नक्की?"

"मामा, मी सुराबद्दल चुकत नाही."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर तुलाच विचारलं." मी रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावलं. शटर. शिवी. खट. सूर. "हा ठोक्या, त्या दिवशीचा. ग्रुपवर आलं होतं, तुम्ही कुणी ऐकलं नाहीत. हे त्याने बटण दाबलं. हे लगेच वाजवलं. आता मला अडाण्याला कुणीतरी समजावा. रात्रभर थंड पडलेली म्हातारी बटण दाबताक्षणी सुरात कशी आली?"

मी उठून म्हातारीचं बटण दाबलं आणि लगेच एक पट्टी दाबली. तेच कण्हणं, तेच घसरणं. मी ते त्यांना पोटभर ऐकू दिलं.

"ती थंड नव्हती," थोरली म्हणाली. तिच्या फाटक्या आवाजातही ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"नव्हती. आदल्या संध्याकाळी सूनबाईने बंद केली होती. म्हणजे त्या सकाळी कुणीतरी इथे आलं, तिला तापवलं, पुष्कळ वेळ बसलं, आणि ठोक्या यायच्या जरा आधी बंद करून निघून गेलं. आता बघा. आवाज पुसायला कॉम्प्युटर लागतो, सिंथ लागत नाही. चोरी करायला आलेला माणूस वाद्य कशाला तापवेल? मुद्दाम नाही तापवणार. हात आपोआप जातो. दिव्याच्या आधी, पंख्याच्या आधी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

सूनबाईने खुर्चीचा हात घट्ट धरला. "म्हणजे मी नाही."

"तू नाहीस. तुझा हात फक्त बंद करायला जातो. खोड आहे ती तिघांना. ठोक्या चाळीस पोरांच्या कचाट्यात होता. थोरली माझ्या शेजारी बसली होती. राहिला एक, ज्याची बस बंद पडली."

धाकटा हसला. "मामा, ठोक्याने सकाळी येऊन..."

"शाळेत जाऊन विचार. मुख्याध्यापिका तुला डब्यानेच मारतील."

त्याचं हसू गालावरच वाळलं. मग त्याने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तो उठला, आणि भिंतीवरचं कात्रण टराटरा फाडलं.

६

"हो, मीच!" तो ओरडला. "गाणी कुणाची? माझी. प्रत्येक सूर माझा. आणि लिहितात काय? ती आणि तिची यंत्रं! मी यंत्रांत मोडतो, मामा. हा टेबल, ही वायर, हा भाऊ! हा अल्बम आला असता तर गावभर रडारड झाली असती. शेवटचा आवाज, शेवटचा आवाज! आणि त्याच दिवशी बँड मेला असता. नव्या मुलीला कुणी उभं केलं नसतं. जोवर तो आवाज शिल्लक होता तोवर माझ्या गाण्यांना दुसरा आवाज मिळणार नव्हता."

"आणि माझ्या गळ्यात घालणार होतास ते," ठोक्या म्हणाला.

"तूच तोंडाने म्हणाला होतास की माईकवर!"

सूनबाई नवऱ्याकडे बघत होती. "मला म्हणालास बस गाठायची आहे. मी पहाटे उठून डबा दिला तुला." एवढं बोलून ती बाहेर गेली आणि टायरांच्या ढिगाशी उभी राहिली.

मला फक्त एकच गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायची भीती वाटत होती. "पुसलास का रे? सगळा?"

"सगळा."

"खोटं," थोरली म्हणाली. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "लहानपणी टेपवर मी खोकले होते. ती टेप... अजून आहे तुझ्याकडे. तू सूर पुसत नाहीस. तुला जमतच नाही." तिने तळहात पुढे केला.

मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि अंगठ्याएवढी ती काळी डबी सोडवली. पेनड्राइव्ह. परवा माझ्यासमोर बोटावर फिरवत होता पठ्ठ्या, आणि मी गावाला वळसा घालून आलो.

थोरलीने मूठ मिटली.

"आता लाव तो पुन्हा गाण्यांत," मी धाकट्याला दरडावलं. "आज, माझ्यासमोर."

"नको," थोरली म्हणाली. "गाणी त्याची आहेत ना? ठेवू दे त्याला. सूर ठेव, ताल ठेव, म्हातारी ठेव." तिला धाप लागली, पण तिने कुणाला आधार देऊ दिला नाही. "आवाज वेगळा काढायचं काम तूच केलंस. बरं झालं. मी नुसता आवाज घेऊन चालले."

ठोक्या तिच्यामागे निघाला. तिने त्याला नको म्हटलं नाही. बोललीही नाही.

७

अल्बम आला तो असा: नऊ गाणी, आणि प्रत्येकात फक्त एक बाई. साथ नाही, ताल नाही. दोन ओळींच्या मध्ये तिचा श्वास ऐकू येतो, आणि संगीताच्या जागी ती थांबते ते थांबणंही ऐकू येतं. लोकांनी तो डोक्यावर घेतला. धाकट्याची नवी मुलगी तीच गाणी गायला उभी राहिली, दोन कार्यक्रम झाले, आणि ती दुसऱ्या बँडमध्ये गेली.

माझ्या बायकोने एकदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मागे काहीतरी वाजतंय." खरंच वाजत होतं. गाताना कानावर हेडफोन असतो, त्यातलं संगीत थोडं बाहेर झिरपतं आणि माईक ते पकडतो. थोरलीच्या आवाजामागे, शेजारच्या घरात कुणी वाजवत असावं इतकी बारीक, म्हातारी होती. हल्ली ते साफ करता येतं म्हणे. थोरलीने केलं नव्हतं.

महिन्याभराने धाकट्याचा फोन आला. आवाजात तीच जुनी धार होती.

"मामा, तिच्या रेकॉर्डिंगमध्ये माझा सिंथ ऐकू येतो. तिला सांगा, माझं नाव घालायला हवं. नाहीतर मी गप्प बसणार नाही."

थोरली माझ्याकडेच जेवायला आली होती. मी निरोप तिला सांगितला. तिने घास गिळला, पाणी प्यायली, आणि गालात हसली.

"त्याला विचारा," ती म्हणाली, "सुरात आहे का."

मी विचारलं. मला वाटलं फोन आपटेल, नाहीतर शिवी देईल.

"चोख आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.